प्रकाशावर जगणारे जिवाणू प्लास्मिड कसं घेतात? (कोळंबीच्या तळ्यातल्या लाल बाटलीच्या निमित्तानं)

खाडीकाठची (धागाकर्ती)

कोळंबीच्या तळ्यात ओततात ती लाल पाण्याची बाटली इथल्या बऱ्याच जणांनी पाहिली असेल. वन्नामेई जातीच्या कोळंबीची तळी आता पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत खाड्यांच्या काठानं झाली आहेत आणि तळातला काळा, सडका गाळ आटोक्यात राहावा म्हणून अनेक जण ही बाटली वापरतात. मत्स्यशेतीच्या धाग्यावर 'कोळंबीवाला' यांनी विचारलं होतं: या लाल जिवाणूंकडून औषधाला दाद न देण्याचा गुण कोळंबीच्या रोगजंतूंकडे जाऊ शकतो का? प्रश्न इतका चांगला आहे की त्याचं उत्तर दोन ओळींत उरकणं मला पटेना. पीएचडीची वर्षं मी याच जिवाणूंसोबत काढली आहेत, आता रत्नागिरी जिल्ह्यात शिकवते. म्हणून वेगळा धागा काढला.

आधी बाटलीत काय असतं ते. रोडोस्यूडोमोनास, रोडोबॅक्टर अशा नावांचे जांभळे जिवाणू. हे प्रकाशसंश्लेषण करतात, पण झाडासारखं नाही. पाणी फोडत नाहीत, त्यामुळे ऑक्सिजनही सोडत नाहीत. प्रकाशातून ऊर्जा घेतात आणि सडणाऱ्या पदार्थांतून सुटणारी सेंद्रिय आम्लं खातात. ऑक्सिजन मिळाला तर अंधारातही आपल्यासारखा श्वास घेऊन जगतात. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, पुढे सगळं त्यावर उभं आहे.

आता प्लास्मिड. जिवाणूच्या पेशीत मुख्य गुणसूत्राखेरीज डीएनएच्या छोट्या, बहुधा गोल कड्या असू शकतात. जोशुआ लेडरबर्ग यांनी १९५२ साली त्यांना प्लास्मिड हे नाव दिलं. ही कडी स्वतःच्या प्रती स्वतः काढते, आणि काही कड्या शेजारच्या पेशीत जाऊ शकतात. दोन पेशी एकमेकींना चिकटतात, कडीचा एक धागा ठरावीक जागी कापला जातो, कापणारं प्रथिन त्या धाग्याच्या टोकाला धरूनच राहतं आणि दोन पेशींमधल्या मार्गातून तो धागा पलीकडे जातो. मग दोन्हीकडे उरलेला अर्धा भाग नव्यानं बांधला जातो. शेजारणीला विरजण दिलं म्हणून आपलं दही संपत नाही, तसं देणाऱ्या पेशीचं प्लास्मिड देऊनही जागेवरच राहतं. याला संयुग्मन म्हणतात.

सगळीच प्लास्मिडं सगळीकडे जगत नाहीत. काहींचं फक्त जवळच्या नात्यातल्या जिवाणूंशी जमतं, तर काही अगदी परक्या घराण्यातही मुक्काम ठोकतात. या दुसऱ्या प्रकारातलं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण म्हणजे आरपी४ नावाचं प्लास्मिड. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या रुग्णालयात १९६९ साली भाजलेल्या रुग्णांच्या जखमांमधल्या जिवाणूंत ते सापडलं. लांबी सुमारे ६० हजार बेस-जोड्या (डीएनएच्या शिडीच्या पायऱ्या म्हणा), आणि अँपिसिलिन, टेट्रासायक्लिन, कॅनामायसिन या तिन्ही औषधांना पुरून उरण्याची सोय त्यावर. दवाखान्यातली ही डोकेदुखी पुढे प्रकाशसंश्लेषणाच्या अभ्यासाचं मुख्य हत्यार झाली, कारण ते प्लास्मिड जांभळ्या जिवाणूंतही सहज शिरतं आणि टिकतं.

१९८१ साली बॅरी मार्स या संशोधकांनी याच कुळातल्या प्लास्मिडवर रोडोबॅक्टर कॅप्सुलेटसची प्रकाशसंश्लेषणाची जनुकं चढवली. ही जनुकं त्याच्या गुणसूत्रावर विखुरलेली नाहीत. बॅक्टेरिओक्लोरोफिल (या जिवाणूंचं हरितद्रव्य) बनवणारी, कॅरोटिनॉइड (लाल-पिवळी रंगद्रव्यं) बनवणारी, प्रकाश पकडणारी प्रथिनं बनवणारी बहुतेक सगळी जनुकं सुमारे ४६ हजार बेस-जोड्यांच्या एका पट्ट्यात शेजारी शेजारी बसली आहेत. रंग हरवलेल्या, प्रकाशावर वाढू न शकणाऱ्या उत्परिवर्ती पेशींना हे प्लास्मिड दिलं की त्या पुन्हा रंग धरत आणि उजेडात वाढू लागत. कोणतं जनुक काय करतं हे असं एकेक करून उलगडता आलं.

याच मार्स यांनी त्याआधी, १९७४ साली, आणखी एक विलक्षण गोष्ट दाखवली होती. रोडोबॅक्टर कॅप्सुलेटसच्या काही पेशी विषाणूसारखे दिसणारे कण बाहेर सोडतात आणि त्या कणांत त्यांच्याच डीएनएचे सुमारे चार हजार बेस-जोड्यांचे तुकडे भरलेले असतात. म्हणजे प्लास्मिड नाही, खरा विषाणू नाही, तरी जनुकं एकाकडून दुसऱ्याकडे जातात. हे प्लास्मिडच्या विषयाबाहेरचं आहे, पण जांभळे जिवाणू आणि जनुकांची देवघेव असा विषय निघाल्यावर ते सोडून पुढे जाणं मला जमत नाही.

आता मघाचं वाक्य. जांभळ्या जिवाणूंना प्रकाशसंश्लेषणाविनाही जगता येतं. झाडाचं प्रकाशसंश्लेषण बंद पाडलं तर झाड मरतं, मग बिघाडाचा अभ्यास करायचा कसा? रोडोबॅक्टरमध्ये प्रकाश पकडणाऱ्या केंद्राची जनुकं गुणसूत्रातून काढून टाकली तरी पेशी ऑक्सिजनवर मजेत वाढते. मग त्याच जनुकांत एका जागी मुद्दाम बदल करून ती प्लास्मिडवरून परत द्यायची आणि पेशी उजेडात, ऑक्सिजनविना ठेवायची. वाढली तर बदल चालतो, नाही वाढली तर ती जागा महत्त्वाची. डायझेनहोफर, मिशेल आणि ह्यूबर यांनी जांभळ्या जिवाणूच्या प्रकाशकेंद्राची रचना अणूंच्या पातळीवर उलगडली आणि त्यांना १९८८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. ती रचना हातात आल्यावर कुठला अणू कशासाठी हे तपासायला हीच प्लास्मिडची रीत कामी आली. माझ्या मते जिवाणूशास्त्रातली ही सगळ्यात सुंदर प्रयोगपद्धत आहे.

आणि मूळ प्रश्नाचं उत्तर. रोडोबॅक्टर स्फेरॉइडिसच्या २.४.१ या नेहमीच्या वाणात दोन गुणसूत्रं आहेत (सुवांतो आणि कॅप्लान यांनी १९८९ साली दाखवलं, तोवर जिवाणूला एकच गुणसूत्र असं धरून चालत) आणि शिवाय पाच प्लास्मिडं. त्यातलं एक स्वतःहून दुसऱ्या पेशीत जाऊ शकतं, पण ते फक्त जवळच्या नात्यात टिकतं. म्हणून लाल जिवाणूंचं घरचं प्लास्मिड कोळंबीला रोग करणाऱ्या व्हिब्रिओ जिवाणूंत जाऊन राहील ही भीती मला फार वाटत नाही. खरी काळजी आरपी४ सारख्या, कुठेही रुळणाऱ्या प्लास्मिडांची. ती सांडपाण्यातून, शेणखतातून तळ्यात येतात. ती व्हिब्रिओत जातील, लाल जिवाणूंतही जातील, आणि लाल जिवाणूंतून पुढेही जातील. तळ्यात प्रतिजैविक ओतलं तर ज्यांच्याकडे असं प्लास्मिड आहे तेच उरतात. निवड तिथे आपण करतो.

---

कोळंबीवाला

ताई, धन्यवाद. इतकं सविस्तर कोणी सांगितलं नव्हतं. क्लोरॅम्फेनिकॉल, नायट्रोफ्युरान यांवर मत्स्यशेतीत बंदी आहे हे आम्हाला माहीत आहे, निर्यातीच्या मालात अंश सापडला तर कंटेनर परत येतो. पण कल्चर (तळ्यातलं कोळंबीचं पीक) बिघडायला लागलं की माणूस घाबरतो आणि दुकानदार म्हणेल ते ओततो, हेही खरं.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. हे देणं-घेणं पाण्यात जास्त होतं की तळाच्या गाळात? आणि आमच्याकडे बरेच जण बाटली विकत घेत नाहीत. थोडं लाल पाणी आणतात, त्यात फेटलेलं अंडं घालतात, पारदर्शक बाटल्यांत भरून उन्हात ठेवतात. आठ-पंधरा दिवसांत लाल होतं. यात काही धोका?

---

खाडीकाठची

गाळात, आणि कुठल्याही पृष्ठभागावर जमलेल्या बुळबुळीत थरात. आरपी४ च्या कुळातली प्लास्मिडं ज्या केसासारख्या तंतूंनी शेजारची पेशी धरतात ते आखूड आणि ताठ असतात. ढवळत्या पाण्यात ती पकड टिकत नाही. म्हणून प्रयोगशाळेतही आम्ही दोन्ही जिवाणू द्रवात नुसते मिसळून ठेवत नाही, जेलीसारख्या घट्ट आगरवर किंवा गाळणकागदावर एकत्र थेंब ठेवतो. तळ्यात तशा जागा म्हणजे गाळ, प्लास्टिकचं अस्तर, एरेटरचे भाग, खाद्याचे न खाल्लेले कण.

अंड्याच्या बाटलीबद्दल: बाटली लाल झाली याचा अर्थ लाल जिवाणू बहुसंख्य झाले, एवढाच. बरोबर आणखी कोण वाढलं ते रंगावरून कळत नाही. अंड्यात प्रथिनं भरपूर, त्यामुळे कुजवणारे इतर जिवाणूही चांगले पोसले जातात. करायचंच असेल तर बाटली, झाकण, पाणी सगळं उकळून घ्या, मूळ विरजण खात्रीच्या प्रयोगशाळेतून आणा आणि एका बाटलीतून दुसरी, दुसरीतून तिसरी असं वर्षानुवर्षं चालवू नका. तळ्याचं पाणी तर त्यात अजिबात घालू नका. घरात बल्बखाली ठेवत असाल तर पिवळा तारेचा बल्ब चांगला. या जिवाणूंचं बॅक्टेरिओक्लोरोफिल डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश शोषतं, ८०० ते ८७५ नॅनोमीटरच्या आसपास. पांढऱ्या एलईडीत तो जवळजवळ नसतो, म्हणून त्याखाली वाढ मंद होते.

---

मिठागर

बरा लिवलंस गो ताई. माका एक इचारूचा हा. आमच्या शिरोड्याक मिठागरात उन्हाळ्यात पाणी लाल-गुलाबी जाता. ता पण ह्याच जिवाणू काय?

---

खाडीकाठची

नाही दादा, ते वेगळं प्रकरण. मीठ धरायला लागलेल्या कोंडीत खारटपणा इतका वाढतो की हे जांभळे जिवाणू तग धरत नाहीत. तिथला लाल रंग मुख्यतः दोघांचा: ड्युनॅलिएला नावाचं एकपेशीय शैवाल आणि हॅलोआर्किया. हॅलोआर्किया जिवाणूंपेक्षा निराळ्या कुळातले. त्यांच्यातल्या काहींकडे बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिन नावाचं प्रथिन असतं, तेही प्रकाशातून ऊर्जा घेतं पण हरितद्रव्याशिवाय. प्रकाश पडला की प्रोटॉन पेशीबाहेर ढकलतं, बस्स. मोठी प्लास्मिडं त्यांच्याकडेही आहेत. पेशीला पाण्यावर तरंगत ठेवणाऱ्या वायूच्या पिशव्यांची जनुकं हॅलोबॅक्टेरियममध्ये प्लास्मिडवर सापडतात.

समुद्रातलं एक उदाहरण मात्र या धाग्यात चपखल बसेल. समुद्रात रोझिओबॅक्टर नावाचे गुलाबी जिवाणू असतात, समुद्री शैवालावर राहणारे. रोझिओबॅक्टर लिटोरॅलिस १९९१ साली जपानी किनाऱ्यावरच्या शैवालावरून नोंदवला गेला. त्याची प्रकाशसंश्लेषणाची जनुकं मुख्य गुणसूत्रावर नाहीतच, ती एका प्लास्मिडवर आहेत, आणि तेही गोल नाही, सरळ रेषेतलं. मार्स यांनी प्रयोगशाळेत जे प्लास्मिडवर चढवलं ते निसर्गात आधीच कोणी करून बसलं होतं. प्रकाशसंश्लेषणासारखी गुंतागुंतीची गोष्ट सगळीच्या सगळी एका सुट्या प्लास्मिडवर राहू शकते, म्हणजे ती एका जातीतून दुसऱ्या जातीत एकगठ्ठा जाऊ शकते. हे वाचलं तेव्हा मला झोप लागली नव्हती.

---

निळंशेवाळ

वाचतोय, फार छान चर्चा. मी भातखाचरातल्या निळ्या-हिरव्या शेवाळावर काम केलं आहे, त्यामुळे त्या बाजूचं थोडं.

शेवाळ म्हणतो खरं, पण हे सायनोबॅक्टेरिया, म्हणजे जिवाणूच. जांभळ्यांपेक्षा वेगळे, कारण हे झाडासारखं पाणी फोडतात आणि ऑक्सिजन सोडतात. कोकणात पावसाळ्यात खाचरात पाणी साठलं की कडेला जो निळसर-हिरवा साका दिसतो तो यांचाच. पी. के. डे यांनी १९३९ साली दाखवलं की भातजमिनीतला नत्र टिकवण्यात यांचा मोठा वाटा आहे, आणि ते काम बंगालच्या भातजमिनींवरचं. साधारण हेक्टरी २० ते ३० किलो नत्र असा अंदाज शेतीच्या पुस्तकांत देतात.

यांच्यातले काही जण डीएनए स्वतःहून आत ओढून घेतात, शेजारी पेशी लागतच नाही. शेस्ताकोव्ह आणि खिएन यांनी १९७० साली अ‍ॅनासिस्टिस निड्युलन्समध्ये हे दाखवलं. आज त्याला सिनेकोकोकस इलाँगेटस म्हणतात. पुढे सिनेकोसिस्टिस ६८०३ हा वाणही तसाच निघाला. १९९६ मध्ये जपानच्या काझुसा संस्थेनं त्याचा संपूर्ण जनुकसंच वाचला. प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या सजीवांतला पूर्ण वाचलेला तो पहिला.

पण नत्र धरणारं, माळेसारखं वाढणारं अ‍ॅनाबिना इतकं सोपं नव्हतं. प्लास्मिड आत गेलं की त्याचे तुकडे व्हायचे. अ‍ॅनाबिनाकडे परका डीएनए ओळखून कापणारी विकरं आहेत, त्यांतली एव्हीए-१, एव्हीए-२ प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांना नावानं माहीत असतील. पीटर वोल्क यांच्या गटानं १९८४ साली यावर तोड काढली. ई. कोलाय या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या जिवाणूमधून प्लास्मिड संयुग्मनानं पाठवायचं आणि प्लास्मिडवर ही विकरं जिथे कापतात त्या जागा शक्य तितक्या कमी ठेवायच्या. पुढे त्यांनी ई. कोलायमध्ये आणखी एक मदतनीस प्लास्मिड ठेवलं. ते उरलेल्या जागांवर मिथाइल गटाची रासायनिक खूण लावून ठेवतं, मग अ‍ॅनाबिनाला तो डीएनए परका वाटत नाही. अ‍ॅनाबिनामध्ये दर दहाएक पेशींमागे एक पेशी नत्र धरण्यासाठी वेगळी होते, ती कशी ठरते हे शोधणं त्यामुळेच शक्य झालं.

---

कातळसडा

मी आंबा-काजूवाला, विज्ञानाचा नाही. पण एक शंका मनात येते. प्लास्मिड देणं इतकं सोपं असेल तर जास्त नत्र देणारं शेवाळ किंवा जास्त घाण खाणारा लाल जिवाणू तयार करून शेतात, तळ्यात का सोडत नाहीत? आणि कोणी गुपचूप सोडला तर?

---

खाडीकाठची

सोपं प्रयोगशाळेत. बाहेर सोडायचं म्हणजे पूर्ण वेगळी गोष्ट. आपल्याकडे पर्यावरण संरक्षण कायद्याखाली १९८९ चे नियम आहेत. जनुक बदललेला कुठलाही जीव, मग तो जिवाणू का असेना, परवानगीशिवाय बाहेर सोडता येत नाही. संस्थेची जैवसुरक्षा समिती, तिच्या वर केंद्राच्या समित्या. प्रयोगशाळेतून बाहेर जाणारी प्रत्येक बशी, प्रत्येक नळी ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाच्या वाफेच्या भांड्यात) १२१ अंशांवर मारूनच जाते. आणि हे असंच असावं असं माझं ठाम मत आहे. वरती जे लिहिलं ते सगळं याच कारणासाठी: प्लास्मिडवर ठेवलेलं जनुक त्या एका जिवाणूतच राहील असं कोणी म्हणू शकत नाही. बाहेर वापरायचं असेल तर जनुक गुणसूत्रात पक्कं बसवायचं आणि खूण म्हणून वापरलेलं औषधरोधाचं जनुक काढून टाकायचं, ही किमान अट हवी.

शिवाय उपयोगाच्या दृष्टीनंही तुम्हाला वाटतं तसं ते फळत नाही. प्लास्मिडच्या प्रती काढत राहणं पेशीला महाग पडतं. औषधाचा दाब नसेल तर ज्या पेशींचं प्लास्मिड गळून पडलं त्या भराभर वाढतात आणि काही पिढ्यांत मूळचाच वाण उरतो. आरपी४ मात्र यालाही अपवाद: पेशीविभाजनात प्लास्मिडविना उरलेली पेशी मरावी अशी विषाची आणि उताऱ्याची जोडी ते स्वतःवरच बाळगतं. विष टिकाऊ, उतारा लवकर नासणारा. प्लास्मिड गेलं की उतारा संपतो आणि विष उरतं. रुग्णालयात आणि सांडपाण्यात ते इतकं चिवट का, याचं एक कारण हे.

---

एमएस्सीचा_विद्यार्थी

मॅडम, थेट मदत हवी आहे. प्रकल्पासाठी ई. कोलायच्या एस१७-१ या वाणामधून रोडोबॅक्टर स्फेरॉइडिसमध्ये कॅनामायसिनरोधी प्लास्मिड पाठवतोय. दोन दिवसांत भरपूर वसाहती येतात पण सगळ्या पांढऱ्या. लाल एकही नाही. आणि मित्र म्हणतो पीयूसी१९ हे साधं प्लास्मिड वापर, ते स्वस्त आहे. चालेल का?

---

खाडीकाठची

पांढऱ्या वसाहती दोन दिवसांत म्हणजे ती ई. कोलाय. दात्याला, म्हणजे प्लास्मिड देणाऱ्या ई. कोलायला, मारण्याची किंवा उपाशी ठेवण्याची सोय तुझ्या बशीत नाही. सीमॉन, प्रीफर आणि प्यूलर यांनी १९८३ साली एस१७-१ तयार केला तेव्हा आरपी४ ची हस्तांतराची यंत्रणा त्याच्या गुणसूत्रातच बसवली. म्हणून तो दुसरं प्लास्मिड ढकलू शकतो पण आरपी४ सुटं जात नाही. त्याला प्रोलिन हे अमिनो आम्ल बाहेरून लागतं. तेव्हा निवडीसाठी सिस्ट्रॉमचं किमान माध्यम घे, त्यात प्रोलिन, यीस्ट अर्क, पेप्टोन काही नको. रोडोबॅक्टर आपलं प्रोलिन स्वतः बनवतो. दुसरा उपाय पोटॅशियम टेल्युराइटचा: रोडोबॅक्टर ते पचवतो, ई. कोलाय मरते. टेल्युराइट विषारी आहे, हातमोजे घालूनच.

मिसळण्याआधीही काही गोष्टी बघ. दाता ताजा, जोमात वाढणारा हवा, रात्रभर मुरलेला नको. त्याच्या माध्यमातलं कॅनामायसिन धुऊन टाक, नाहीतर ते रोडोबॅक्टरला प्लास्मिड मिळण्याआधीच मारेल. धुताना व्हॉर्टेक्स यंत्रावर गरगर फिरवू नकोस, ते तंतू तुटतात, हळुवार हलव. ग्राही (प्लास्मिड घेणाऱ्या) पेशी दात्यापेक्षा जास्त घे. थेंब औषधविरहित बशीवर ठेव, तापमान ३० अंशांच्या आसपास, ३७ नको. रात्रभर राहू दे. मग निवडीच्या बशीवर पसर आणि धीर धर, रोडोबॅक्टर मंद वाढतो, दोन दिवसांत त्याच्याकडून अपेक्षा करू नकोस. उघड्या हवेत सुरुवातीला वसाहती फिकट दिसतात, कारण भरपूर ऑक्सिजन असला की तो रंगद्रव्यं कमी बनवतो. मधला भाग दाट झाला की लाल व्हायला लागतो. नुसता दाता आणि नुसता ग्राही अशा दोन बश्या शेजारी ठेवल्याशिवाय कुठल्याही निकालावर विश्वास ठेवू नकोस.

पुढे कधी टेट्रासायक्लिनवाला प्लास्मिड घेतलास आणि उजेडात वाढवायची वेळ आली तर सांभाळ, टेट्रासायक्लिन प्रकाशात खराब होतं. त्यासाठी कॅनामायसिनच बरं.

पीयूसी१९ नाही चालणार. संयुग्मन जिथून सुरू होतं ती जागाच त्यात नाही, आणि त्याची प्रत काढण्याची व्यवस्था रोडोबॅक्टरमध्ये चालत नाही. पण न चालणं हेही कामाला येतं. गुणसूत्रातलं जनुक काढायचं असेल तेव्हा आपण मुद्दाम असं प्लास्मिड पाठवतो जे ग्राही पेशीत स्वतंत्र टिकणार नाही, फक्त हस्तांतराची जागा त्यावर बसवलेली असते. औषध लावलं की ज्या पेशींनी ते गुणसूत्रात सामावून घेतलं त्याच उरतात. त्यावर सॅक-बी नावाचं जनुक ठेवलं तर दुसरी पायरीही सोपी होते. हे जनुक बॅसिलस सब्टिलिसचं. ते असलेल्या पेशी साखरेच्या माध्यमावर मरतात, साधी ऊसाची साखर. त्यामुळे साखरेवर वाढलेल्या पेशींतून प्लास्मिड बाहेर पडलेलं असतं, आणि त्यातल्या काहींनी जाताना जनुकही नेलेलं असतं.

---

एमएस्सीचा_विद्यार्थी

मॅडम, लक्षात आलं. आम्ही निवडीलाही एलबी हे यीस्ट अर्क-पेप्टोनचं माध्यमच वापरत होतो. सोमवारी सिस्ट्रॉम बनवतो. इथे कळवेन.

---

शाळेची_घंटा

मी गुहागर तालुक्यात माध्यमिक शाळेत शिकवते. प्लास्मिड वगैरे आमच्या मुलांना दाखवणं शक्य नाही, पण हे लाल जिवाणू तरी डोळ्यांनी दाखवता येतील का? प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शक आहे, बाकी विशेष काही नाही.

---

खाडीकाठची

नक्की येतील, आणि सूक्ष्मदर्शक नसला तरी. औषधरोधी जिवाणूंचा कुठलाही प्रयोग शाळेत करायचा नाही, पण विनोग्राद्स्कीचा स्तंभ जरूर करा. तुमच्या खाडीकाठचा चिखल त्यासाठी उत्तम, तो काळा आणि सडक्या अंड्याच्या वासाचा असतो तोच. तिवरांच्या मुळांत हात घालू नका, कांदळवनाला कायद्याचं संरक्षण आहे. ओहोटीला उघड्या काठावरचा थोडा पुरे. त्यात वर्तमानपत्राचे कपटे आणि अंड्याच्या टरफलांचा चुरा (कर्बासाठी) आणि चिमूटभर प्लास्टर ऑफ पॅरिस (गंधकासाठी) कालवा. पारदर्शक उंच बाटलीत पाऊणभर चिखल दाबून भरा, हवेचे बुडबुडे राहू देऊ नका, वर खाडीचंच पाणी, झाकण सैल. खिडकीत उजेडात ठेवा पण भर उन्हात नको.

काही आठवड्यांत वरच्या बाजूला सायनोबॅक्टेरियाचा हिरवा थर येतो, म्हणजे 'निळंशेवाळ' यांची मंडळी. त्याखाली ऑक्सिजन संपतो तिथे विटकरी, जांभळे पट्टे उमटतात. आणखी खाली, गंधकाचा वायू जास्त असतो तिथे हिरवे गंधक-जिवाणू. एका बाटलीला काळा कागद गुंडाळून शेजारी ठेवा. त्यात पट्टे येत नाहीत, आणि मुलं स्वतःच कारण सांगतात. हात साबणानं धुवायला लावा, चिखल तोंडाजवळ नको.

---

कोळंबीवाला

शाळेच्या बाटलीची कल्पना आवडली, मी तळ्यावरही करून बघतो. ताई, शेवटचं: दुकानात बाटली घेताना नेमकं काय विचारू?

---

खाडीकाठची

आत कोणती जाती आहे ते नावानिशी विचारा. नुसतं 'प्रकाशसंश्लेषी जिवाणू' लिहिलेली बाटली घेऊ नका. मिलीलीटरमागे जिवंत पेशी किती आणि त्या कोणत्या तारखेला मोजल्या, ते विचारा. ई. कोलाय आणि व्हिब्रिओ नसल्याचा तपासणी अहवाल मागा. आणि हा वाण कुठल्या प्रतिजैविकांना दाद देत नाही याची चाचणी केली आहे का, तेही विचारा. उत्पादक ती करून घेऊ शकतो, महाग नसते, कोणी मागत नाही म्हणून होत नाही. तुम्ही तळीवाले एकत्र येऊन मागितलीत तर होईल.

कल्चर संपल्यावर तळ सुकवून चुना मारता तेव्हा गाळ भेगा पडेपर्यंत वाळू द्या, घाई करू नका. आणि सुकवण्याआधी तळाचा चमचाभर गाळ निर्जंतुक डबीत भरून बर्फावर पाठवता आला तर पाठवा. त्यातले व्हिब्रिओ कोणत्या औषधांना दाद देत नाहीत ते आम्ही इथे बघू शकतो. पत्ता व्यक्तिगत निरोपात कळवते.